दोनशे एकतीस उद्गारचिन्हं

तिसऱ्या मजल्याच्या वळणावर, जिन्यात, कुणीतरी एक लाकडी स्टूल आणून ठेवलं आणि अधीक्षकांच्या मनात पाल चुकचुकली.

साधं स्टूल. दुसरा कुणी असता तर वळसा घालून वर गेला असता. पण अधीक्षकांनी कॉलेजच्या परीक्षा विभागात बावीस वर्षं कॉपी पकडली होती. बाह्यांत पकडली, बुटांत पकडली, पाण्याच्या बाटलीच्या लेबलामागे पकडली, आणि एकदा तर प्लास्टर घातलेल्या हातावर पकडली. (त्या प्रकरणात हात खोटा मोडलाय असं अधीक्षकांचं म्हणणं होतं. डॉक्टर बोलावला तर हात खरोखरच मोडलेला निघाला. कॉपीही निघाली. पण अर्धा संशय खोटा ठरला याची रुखरुख त्यांना अजून आहे.) इतकी वर्षं असं काम केलं की माणूस समोरच्याच्या तोंडाकडे बघून बोलतच नाही, तळहाताकडे बघून बोलतो. अधीक्षक स्वतःच्या लग्नातही नवरीच्या तळहाताकडे टक लावून बघत होते म्हणतात. बायकोला वाटलं, मेंदीचं कौतुक चाललंय.

तर त्यांनी स्टूल उलटं करून बघितलं. खाली काही चिकटवलेलं नव्हतं. याचा अर्थ कुणीतरी ते काढून घेतलं होतं.

जिन्याने कशाला जायचं, इमारतीला लिफ्ट नाही का, असं तुम्ही विचाराल. आहे की. चार महिने सील ठोकून बंद आहे. नियम नवीन आला: परवान्याचं नूतनीकरण हवं असेल तर लिफ्ट बसवली त्या दिवसापासूनचं सगळं दप्तर सरकारी पोर्टलवर चढवा. आधी दप्तर, मग तपासनीस, मग परवाना. तोवर कुलूप. नेमके त्याच महिन्यात अधीक्षक सोसायटीचे सचिव झाले होते. बिनविरोध निवडून आले, कारण दुसऱ्या कुणाला ते काम नको होतं. पण बिनविरोध या शब्दावरही त्यांचा संशय होताच.

आणि अधीक्षकांची आई चौथ्या मजल्यावर अडकून पडली. वय ऐंशी, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. रोज संध्याकाळी लिफ्टने खाली जायचं, फाटकाजवळच्या बाकावर तासभर बसायचं, येणाऱ्याजाणाऱ्याची विचारपूस करायची, हा तिचा शिरस्ता. चार महिन्यांत ती एकदाही खाली गेली नव्हती. कुरकुर करणाऱ्यांतली ती नव्हती. एकदाच म्हणाली, "अरे, वरून माणसांची नुसती टाळकी दिसतात रे. मला एकदा तोंडं बघायचीत."

ते वाक्य अधीक्षकांच्या काळजात रुतलं. त्या दिवसापासून त्यांनी लिफ्टचं काम डोक्यात घेतलं, आणि अधीक्षकांनी काम डोक्यात घेतलं की बायको घरातल्या काचेच्या वस्तू आत ठेवते.

दप्तर होतं माजी सचिवांकडे. माजी सचिव म्हणजे तळमजल्यावरचे. आयुष्यभर जमिनीचे आणि रस्त्यांचे नकाशे काढून निवृत्त झालेले, एकटे, कमी बोलणारे, अठरा वर्षं सोसायटीचे सचिव. कमी बोलणारा माणूस अधीक्षकांना मुळातच आवडत नसे. त्यात हा तळमजल्यावरचा. "तळमजल्यावरच्या माणसाला लिफ्टचं काय सोयरसुतक?" ते बायकोला म्हणाले. "बंद राहिली तर उलट त्यांच्या डोक्यावरची घरघर बंद!"

माजी सचिवांनी सगळं दप्तर स्कॅन करून एका पेनड्राइव्हवर ठेवलं होतं. तो आणि सोबत एक घडी घातलेला कागद त्यांनी पुढे केला.

"हा काय?" अधीक्षकांनी तळहाताकडे बघत विचारलं.

"खुणा समजावून सांगितल्यात. फायलींची नावं—"

"कागद नको. तुमचं कुठलंही स्पष्टीकरण मला नको. उद्या म्हणाल, सांगितलं होतं. फक्त पेनड्राइव्ह द्या, आणि याची दुसरी प्रत तुमच्याकडे ठेवलेली नाही असं लिहून सही करा. सोसायटीचं दप्तर खाजगी घरात नको."

माजी सचिवांनी सही केली. न बोलता सही करणारा माणूस काहीतरी दडवत असतो, हा अधीक्षकांचा बावीस वर्षांचा अनुभव होता.

रविवारी सकाळी त्यांनी आंघोळ करून, चष्मा पुसून, पेनड्राइव्ह उघडला. चौदाशे बारा फायली. त्यांनी सगळ्या एकदम पोर्टलवर चढवल्या. पोर्टलने पाऊण तास एक चक्र गरागरा फिरवलं आणि मग लाल अक्षरांत सांगितलं: फाइलच्या नावात अमान्य चिन्ह. संपूर्ण संच फेटाळला.

नीट बघितलं तर नावांत नुसता बाजार भरला होता. कुठे तारा, कुठे प्रश्नचिन्ह, कुठे आडव्या-उभ्या रेघांची जाळी, आणि उद्गारचिन्हं तर विचारूच नका. एकेका नावापुढे एक, काही ठिकाणी दोन दोन. पोर्टलला चालत होती फक्त अक्षरं, आकडे, टिंब आणि खालची आडवी रेघ.

"बघितलंस?" अधीक्षक बायकोवर गरजले, जणू तिनेच घातली होती. "कोण शहाणा माणूस फायलीच्या नावात उद्गारचिन्ह टाकतो? हे मुद्दाम आहे. माझ्या कारकिर्दीत लिफ्ट सुरू होऊ नये म्हणून पेरून ठेवलंय!"

"त्यांनी नावं दिली तेव्हा तुम्ही सचिव नव्हतात," बायको म्हणाली. ती औषधांच्या दुकानात काम करते, दिवसभर डॉक्टरांची अक्षरं लावते. तिला कशाचं फारसं नवल वाटत नाही.

"दूरदृष्टी!" अधीक्षक म्हणाले.

चौदाशे बारा नावं हाताने बदलायला किती दिवस लागतील याचा हिशेब त्यांनी मांडला. पहिल्या तासात एकोणीस झाली. त्यातली चार चुकली. तोवर बातमी इमारतभर झाली होती आणि सल्ल्यांची रीघ लागली. दुसऱ्या मजल्यावरचे बँकवाले म्हणाले, सरळ नवीन लिफ्ट बसवा. समोरच्या दारातल्या शिकवणीवाल्या बाई म्हणाल्या, सगळ्या फायली छापा, आणि छापलेल्या पुन्हा स्कॅन करा, म्हणजे नावं आपोआप नवी होतील. हा सल्ला अधीक्षकांना क्षणभर बरा वाटला, हे त्यांनी नंतर कुणाजवळही कबूल केलं नाही.

शेवटी फोन झाला मेहुण्याला. बायकोचा हा धाकटा भाऊ "कॉम्प्युटरमध्ये" होता. म्हणजे नक्की काय करत होता हे अधीक्षकांनी नऊ वर्षांत सात वेळा विचारलं होतं आणि प्रत्येक वेळी वेगळं उत्तर मिळालं होतं. घरातला लॅपटॉप त्याचाच जुना. त्यावर त्याने काहीतरी वेगळंच घालून ठेवलेलं, ज्यात एक काळी खिडकी उघडायची आणि तिच्यात आज्ञा टाइप करायच्या.

"भाऊजी, हात कशाला दुखवताय?" मेहुणा म्हणाला. "छोटीशी शेल स्क्रिप्ट लिहू. चार ओळी. प्रत्येक फाइल घ्यायची, नावातली नको ती चिन्हं गाळायची, उरलेलं नाव द्यायचं. चौदाशे फायली एका दमात."

"चिन्हं गाळताना अक्षरं गाळणार नाही कशावरून?"

"आपण जे सांगू तेवढंच गाळतं. त्याला अक्कल नसते, भाऊजी."

हे ऐकून अधीक्षकांना धीर आला. अक्कल नसलेल्यावर त्यांचा विश्वास बसायचा. "पण आधी सगळ्याची एक कॉपी करून ठेवा," मेहुणा म्हणाला. कॉपी हा शब्द कानावर पडताच अधीक्षकांच्या कपाळाला आठ्या पडल्या. बावीस वर्षं ज्याच्याविरुद्ध लढले ते आता स्वतःच्या हाताने करायचं! पण केली.

मेहुण्याने चार ओळी पाठवल्या. अधीक्षकांनी त्या एकेक अक्षर तपासून उतरवल्या, खाली रेघ मारली आणि स्क्रिप्ट चालवली. काळ्या खिडकीत एक प्रश्न उमटला. इंग्रजीत होता, पण अर्थ असा: या नावाची फाइल आधीच आहे. तिच्यावर चढवू का?

अधीक्षकांनी हो म्हटलं. पुन्हा प्रश्न. हो. पुन्हा. चाळीस वेळा हो म्हटल्यावर त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आयुष्यभर दुसऱ्यांना "नक्की का? खरं सांग" म्हणून विचारणाऱ्या माणसाला एक अक्कल नसलेली खिडकी विचारते, नक्की का! त्यांनी फोन उचलला.

"हे माझ्यावर संशय घेतंय."

"मीच सांगितलंय त्याला विचारायला, भाऊजी. काळजी म्हणून."

"मला काळजी नको. याचं तोंड बंद कसं करायचं?"

"करता येतं. स्क्रिप्टमध्ये 'आय' हे अक्षर आहे, त्याच्या जागी 'एफ' टाका, मग विचारत नाही. पण भाऊजी, ते एवढ्यांदा का विचारतंय ते एकदा बघा की. एकाच नावाच्या दोन—"

अधीक्षकांनी फोन ठेवला. आपली स्क्रिप्ट फसली की माणसं "एकदा बघा की" म्हणतात, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. त्यांनी एफ टाकला. खिडकी क्षणभर थरथरली आणि गप्प झाली. सगळी नावं स्वच्छ, धुतल्यासारखी. एक तारा नाही, एक उद्गारचिन्ह नाही.

मग त्यांनी मोजल्या. परीक्षेनंतर उत्तरपत्रिका मोजल्याशिवाय ज्याला जेवण जात नाही, तो माणूस मोजणारच. चौदाशे बाराच्या झाल्या होत्या अकराशे एक्क्याऐंशी. दोनशे एकतीस कमी!

दुसरा कुणी असता तर त्याच्या तोंडचं पाणी पळालं असतं. अधीक्षकांच्या चेहऱ्यावर मात्र तेज आलं. "सापडला!" ते ओरडले. "एकच फाइल दोनदा, वर एक चिन्ह चिकटवून! दोनशे एकतीस बनावट फायली! अठरा वर्षं काम केल्याचं दाखवायला संख्या फुगवली होती!"

"कॉपी आहे ना, त्यात उघडून बघा," बायको म्हणाली.

आता यापुढची गोष्ट सांगताना मलाच लाज वाटते, पण घडलं ते सांगायला हवं. अधीक्षकांचं तत्त्व असं की मूळ प्रत आणि दुय्यम प्रत यांत एका टिंबाचीही तफावत असता कामा नये; तफावत दिसली की चौकशी लागते. मूळ अकराशे एक्क्याऐंशी आणि कॉपी चौदाशे बारा, हे कुठल्याही अधीक्षकाला कसं सहन होईल? बायको बोलत होती तोवर त्यांनी कॉपीवरही स्क्रिप्ट चालवून दोन्ही आकडे जुळवून टाकले होते.

संच पोर्टलवर चढला. हिरवी खूण आली. त्याच दुपारी अधीक्षकांनी सूचनाफलकावर नोटीस लावली: "सोसायटीच्या दप्तरात हेतुपुरस्सर अमान्य चिन्हं व बनावट फायली घुसडणाऱ्यांची योग्य ती नोंद घेतली जात आहे. सचिव." नाव लिहिलं नाही. पण तळमजल्याकडे तोंड करून लावली. दुसऱ्या दिवशी बघतात तर नोटिशीच्या निघालेल्या कोपऱ्यात कुणीतरी नवीन टाचणी टोचलेली. त्यांनी ती टाचणी काढून पाकिटात घातली आणि वर तारीख टाकली.

इकडे घरात वेगळंच काहीतरी शिजत होतं. नवरा-बायको दोघंही सकाळी बाहेर पडायचे आणि सहाला परतायचे. परत यावं तर खिडकीजवळची खुर्ची टेबलाजवळ आलेली. फडताळात एकाऐवजी दोन कप धुऊन पालथे घातलेले. वर्तमानपत्राची घडी उलटी. आणि आई? चार महिने खाली न गेलेली आई चक्क गुणगुणत होती!

"आई, दुपारी कुणी आलं होतं?"

"कोण येतंय चार जिने चढून?" आई म्हणाली. हे उत्तर नव्हतं, हा प्रश्न होता, आणि प्रश्नाला प्रश्नाने उत्तर देणाऱ्या उमेदवाराला अधीक्षक नेहमी पहिल्या बाकावर आणून बसवत.

त्यांना उलगडा झाला. माजी सचिव! दुपारी घर रिकामं बघून येतो, आईला बोलण्यात गुंतवतो आणि लॅपटॉपमधले पुरावे शोधतो. दुसऱ्या दिवशी निघताना त्यांनी दाराच्या फटीत, वर, कागदाची एक पट्टी सही करून चिकटवली, प्रश्नपत्रिकांच्या गठ्ठ्याला लावतात तशी. संध्याकाळी पट्टी फाटलेली होती.

"मी फाडली," आई म्हणाली. "कचरा बाहेर ठेवायला दार उघडलं. घराला सील लावून जातोस, मी काय प्रश्नपत्रिका आहे?"

बायको भाजी चिरत होती. हसू दाबताना तिचे खांदे हलत होते.

आठ दिवसांनी पत्र आलं. अधीक्षकांनी ते जिन्यातच फोडलं, आणि दुसऱ्या मजल्यावर मटकन पायरीवर बसले. "आपण सादर केलेल्या दप्तरात देखभालीचा एकही दाखला आढळत नाही. सदर लिफ्ट मानवी वापरास धोकादायक असल्याबाबत दोनशे सोळा सविस्तर तक्रार अर्ज मात्र आढळतात. सबब सदर लिफ्ट कायमची बंद का करू नये, याचा खुलासा पंधरा दिवसांत करावा."

कायमची. म्हणजे आईला आता वरून टाळकीच बघायची.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून ते त्या कार्यालयात गेले. खिडकी क्रमांक सहावरच्या कारकुनाने त्यांची फाइल पडद्यावर उघडली आणि तो खुर्चीत सरसावून बसला.

"अच्छा, तुम्हीच का ते! आम्ही सगळ्यांनी वाचलीत तुमची पत्रं. अहो, काय लिहिता! 'ही लिफ्ट नसून दोरीला टांगलेला निष्काळजीपणा आहे.' वा! आणि हे, 'दार बंद होताना जो आवाज येतो तो ऐकून माझ्या आईने दोनदा मृत्युपत्र बदलले.' खरंच बदललं?"

"ते... जरा जोर यावा म्हणून," अधीक्षक पुटपुटले. "पण हे अर्ज मी चढवले नाहीत. मी दाखले चढवले."

"दाखल्यांच्या नावाने अर्जच आहेत. अठरा वर्षं, दर महिन्याला एक. सही कुणाची?"

"माझी."

"म्हणजे तक्रारदार तुम्ही. आणि लिफ्ट सुरू करा म्हणणारा अर्जदार?"

"मीच."

"मग असं करा," कारकून समजुतीच्या सुरात म्हणाला, "तुम्ही दोघं आधी आपसात काय ते ठरवा, आणि मग या."

मागच्या रांगेतला एकजण हसला. अधीक्षकांनी वळून त्याच्या तळहाताकडे बघितलं, पण त्या बघण्यात पूर्वीची धार नव्हती. मेहुण्याचं अर्धवट तोडलेलं वाक्य त्यांना आठवलं: एकाच नावाच्या दोन. प्रत्येक दाखल्याशेजारी त्याच नावाची, फक्त एक उद्गारचिन्ह जास्त असलेली दुसरी फाइल होती. चिन्ह गळालं, दोघांचं नाव एक झालं, आणि दुसरी पहिलीच्या डोक्यावर जाऊन बसली. दाखले पुसले गेले. पुसणारे कागद त्यांचे. पुसणारा हातही त्यांचाच. दोनशे एकतीस फायली खोट्या नव्हत्याच, त्यांनी गमावल्या होत्या. आणि खिडकी प्रत्येक वेळी विचारत होती, नक्की का? रिक्षात बसल्यावर त्यांना रडू यायला लागलं. नाक शिंकरून त्यांनी ते सर्दीवर ढकललं.

दुपारी तीनला ते घरी पोचले. जिना चढता चढता पहिल्याच मजल्यावर धाप लागली. सकाळपासून पोटात काही नव्हतं. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर पाय थरथरायला लागले तेव्हा ते त्या स्टुलावर बसले. बसल्यावर त्यांना कळलं की स्टूल अगदी नेमक्या जागी आहे. ज्याला चौथ्या मजल्यावर जायचंय आणि ज्याच्याने आता एकही पायरी चढवत नाही, अशा माणसाने ते मोजूनमापून ठेवलेलं होतं.

दार लोटलेलं होतं. आत टेबलाशी आई बसली होती आणि तिच्यासमोर माजी सचिव, शर्ट घामाने भिजलेला, हातात पत्ते.

"तुम्ही इथे काय करताय?" अधीक्षकांनी विचारलं.

"हरतायत," आई म्हणाली. "लागोपाठ चौथा डाव. बस तू."

"रोज?"

"रविवार सोडून. रविवारी तू असतोस. खाली बाकावर आमच्या गप्पा व्हायच्या. मी जाऊ शकत नाही, मग हे येतात. अडुसष्टाव्या वर्षी चार जिने, तेही छातीचा त्रास असताना. मी नको म्हणते, ऐकत नाहीत."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुला सांगितलं असतं तर तू त्यांच्या खिशांची झडती घेतली असतीस. सुनेला माहीत होतं. समोरच्या बाईंना माहीत होतं. सगळ्यांना माहीत होतं."

माजी सचिव उठायला लागले. अधीक्षकांनी त्यांना हाताने बसवलं, पत्र टेबलावर ठेवलं आणि घडलं ते सगळं सांगितलं. कॉपीवर चालवलेल्या स्क्रिप्टसकट. अठरा वर्षांत या माणसाशी ते एवढं सलग कधी बोलले नव्हते. शेवटी म्हणाले, "तुमच्याकडे दुसरी प्रत—"

"नाही. तुम्ही लिहून घेतलंत ना. ठेवली नाही."

आईने पत्ते पिसले.

"कागद आहेत पण," माजी सचिव म्हणाले. "मूळ. मीटरच्या खोलीतल्या कपाटात. कागद मी फेकत नाही. पुन्हा स्कॅन करावे लागतील, एवढंच."

"आणि ती चिन्हं? ती कशाला घातली होती?"

आईने पत्त्यांच्या डबीतून एक घडी घातलेला कागद काढला. तोच. अधीक्षकांनी नाकारलेला. "तू घेतला नाहीस म्हणून माझ्याकडे देऊन ठेवला होता. मी गुण लिहायला वापरते." मागच्या बाजूला अठ्ठेचाळीस डावांचे गुण होते. पुढच्या बाजूला, नकाशाच्या कोपऱ्यात असते तशी, खुणांची नेटकी सूची. तारा: मूळ कागद उपलब्ध. प्रश्नचिन्ह: सही वाचता येत नाही. जाळी: दुरुस्तीचं काम. उद्गारचिन्ह: चौथा मजला. दोन उद्गारचिन्हं: चौथा मजला, त्याच महिन्यात पुन्हा.

अधीक्षकांचे कान लाल झाले. "म्हणजे दोनशे सोळा वेळा—"

"दोनशे एकतीस," माजी सचिव म्हणाले. "पंधरा महिन्यांत दोन दोन होते."

"आणि ते दाखल्याच्याच नावाने का ठेवलेत? वेगळी फाइल करायची होती, तक्रारींची!"

माजी सचिव म्हणाले, "वेगळी कशी करणार? तुमचा अर्ज आला की मी तो देखभालीवाल्यांना दाखवायचो. त्याशिवाय ते फिरकायचेच नाहीत. अर्ज गेला की माणूस यायचा, तेल घालायचा, दोर बघायचा, मग दाखला मिळायचा. एका कामाचे दोन कागद ते. अठरा वर्षं ही लिफ्ट तुमच्या अर्जांवर चालली, अधीक्षक. मला एकट्याला जमलं नसतं."

अधीक्षक त्यांच्या तळहाताकडे बघायला गेले, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना तोंडाकडे बघावंसं वाटलं. तोंड थकलेलं होतं आणि साधं होतं. त्यावर काहीही लिहिलेलं नव्हतं.

पुढचे अकरा दिवस चौथ्या मजल्यावरच्या त्या टेबलावर कारखाना चालला. गठ्ठे अधीक्षक खालून आणत. माजी सचिवांना त्यांनी एक कागदसुद्धा उचलू दिला नाही. माजी सचिव नाव सांगत, अधीक्षक टाइप करत, आई कागद सरळ करून देई आणि मधूनच एखादा अर्ज मोठ्याने वाचून दाखवी. "मी मृत्युपत्र कधी बदललं रे?" मेहुण्यानेही फोनवरून स्क्रिप्ट पुन्हा पाठवली. या खेपेला खिडकीने काही विचारलं की अधीक्षक उठून दोन्ही फायली उघडून बघत आणि मगच उत्तर देत. त्यांनी सूचनाफलकावरची नोटीसही काढली. पाकिटातली टाचणी माजी सचिवांना परत करायला गेले, तर ते म्हणाले, "राहू द्या, तुम्हाला लागेल."

बाराव्या दिवशी संच पुन्हा गेला. तीन आठवड्यांनी तपासनीस आला, सील निघालं, लिफ्ट कुरकुरत वर आली.

आईने नवी चप्पल घातली. "मी सोबत येतो," अधीक्षक म्हणाले. "काही नको, मला बटण दाबता येतं," असं म्हणून तिने दार ओढून घेतलं. दारावरचे आकडे उतरत गेले. तीन, दोन, एक, तळमजला. अधीक्षक वर थांबून राहिले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. बटण दाबलं. लिफ्ट हलेना. पुन्हा दाबलं. मनात पाल चुकचुकली. अडकली? दोर? ते चार जिने धडाधड उतरत खाली पोचले.

लिफ्टचं दार उघडंच होतं. ते बंद होऊ नये म्हणून मधोमध तिसऱ्या मजल्यावरचं स्टूल अडकवलेलं. पलीकडे बाकावर आई आणि माजी सचिव. आई फाटकातून येणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होती आणि प्रत्येकाला थांबवून घेत होती.

"अहो, लिफ्टचं दार असं अडवून ठेवतात का?" अधीक्षक धापा टाकत म्हणाले. "वरच्या मजल्यांवरच्या रहिवाशांची गैरसोय! मी लेखी—" त्यांचा हात सवयीने खिशातल्या पेनाकडे गेला होता.

"लिही ना," आई म्हणाली. "पण असं लिही, की लिफ्ट चालते. तेवढं एकच पत्र तू अठरा वर्षांत लिहिलं नाहीस."

अधीक्षक बाकाच्या टोकाला बसले, गुडघ्यावर कागद ठेवला आणि लिहिलं. दोनच ओळी झाल्या. एवढ्या थोडक्यात काही लिहायची त्यांना सवय नव्हती. सही करून कागद माजी सचिवांच्या हातात दिला. त्यांनी वाचला आणि घडी घालून खिशात ठेवला.

"स्कॅन करून ठेवतो. फायलीला नाव काय देऊ?"

"काहीही द्या," अधीक्षक म्हणाले. "फक्त शेवटी तुमचं ते चौथ्या मजल्याचं चिन्ह टाका."

"पोर्टल घेणार नाही."

"नाही घेतलं तर नाही घेतलं. ही फाइल त्यांच्यासाठी नाहीच."